मामंजींचा अर्धा वार

...आणि वर मलाच विचारतात, "सूनबाई, तुझ्या कात्रीला धार आहे की भूक?" भूक! अहो, लोखंडाच्या कात्रीला कसली भूक? पडदा आखूड झाला, माझी कात्री. पडदा लांब झाला, तरी माझीच कात्री! बरं, कात्री कापड खाते असं धरून चाला, मग पडदा लांब कसा होतो? खाल्लेलं परत काढून देते की काय ती? पण हे विचारायचं कोणाला? मामंजींना? छे, नाव नको!

मामंजी म्हणजे माझे सासरे, पडद्यांचं दुकान त्यांचं. पुढे काउंटर, त्याच्यामागे भिंतीला उभे केलेले कापडाचे तागे, आतल्या खोलीत कापायचं लांब टेबल, तिथे मी, शिवायचं मशीन, तिथे आमचे हे, आणि खिडकीपाशी स्टुलावर आमच्या वन्सं, म्हणजे माझी नणंद, पडद्यांना कड्या लावत बसलेल्या. चार माणसांचं दुकान आणि मोजायचं काम एकाचंच. मोजायचं कशाने? हाताने! कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. दुकान उघडलं त्या दिवशी म्हणे मामंजींनी एक वाराची लोखंडी पट्टी आणली, तिच्यावर आपला हात ठेवला, आणि काय? बरोब्बर अठरा इंच! अर्धा वार! ना सूतभर इकडे ना सूतभर तिकडे! झालं, पट्टीची गरज संपली. ती मागच्या खिडकीला टेकू म्हणून लावली ती आजतागायत तिथेच आहे, आणि तेव्हापासून दुकानात कायदा एकच. काउंटरवर दोनदा थाप मारायची आणि म्हणायचं, "दोन हात म्हणजे एक वार!"

आता माझ्याकडे टेप आहे हो. शिवणाच्या क्लासला घेतलेला, पिवळा, एका टोकाला पितळेची चिमटी. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी तो काउंटरवर काढला तर मामंजी असे मागे सरले जसं काही मी पिशवीतून साप काढलाय! "टेप? टेप ताणला जातो सूनबाई. हात कधी ताणला गेलेला ऐकलायस?" नाही ऐकलं बाई. मी टेप मुकाट्याने आतल्या खोलीत नेला आणि तिथे वापरायला लागले. आत टेप, बाहेर हात. पंधरा वर्षं काही बिघडलं नाही, कारण हात अठराचा होता, दोन हात म्हणजे एक वारच होता. पण गेल्या दोन वर्षांत... अहो, काय सांगू!

नीट ऐका हं, सगळी गोम इथेच आहे. एखाद्या बाईला पडदे शिवून हवे असले की मामंजी तिच्या घरी जाणार, खिडकीशी हात लावून मोजणार, "एक, दोन, तीन," समजा नऊ हात भरले, तर निम्मे करून चिठ्ठीवर लिहिणार, "साडेचार वार." चिठ्ठी माझ्याकडे. मी टेपने साडेचार वार कापणार, हे शिवणार, वन्सं कड्या लावणार, पडदा घरपोच. आणि दुसऱ्या दिवशी ती बाई दारात! "अहो, पडदा दिलात की फरशी पुसायचं फडकं? अर्धा वार जमिनीवर लोळतोय! आमचं मांजर झोपायला लागलंय त्याच्यात!"

आणि दुसरं गिऱ्हाईक असं की त्याला नुसतं कापड हवं. बेकरीवाल्या काकूच घ्या. घरी मोजून आल्या, म्हणाल्या, "दहा वार द्या." मामंजींनी काउंटरवर कापड पसरून मोजलं, वीस हात, शेवटी बोटांच्या चिमटीत धरलं आणि आत ओरडले, "सूनबाई, काप!" मी आले, चिमटीशी कापलं, गेले. संध्याकाळी काकू परत. "एका वाराहून जास्त कमी भरलं हो! एक खिडकी उघडीच राहिली, समोरचा न्हावी आमच्याकडे बघत गिऱ्हाइकांच्या दाढ्या करतोय!" मामंजींनी एकदा काकूंकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "सुनेचं कापताना सरकलं असेल. दोन हात म्हणजे एक वार!"

सरकलं? माझं? अहो, मला आयुष्यात धड एकच गोष्ट येते. पोळपाटावरचं मला गोल जमत नाही, चार माणसांत बोलायला गेले तर भलतंच बोलते, माझं अक्षर मलाच लागत नाही. पण कापड सरळ कापायचं म्हणाल तर डोळे बांधा माझे! कात्री एकदा टेबलावर चालायला लागली की टोकापर्यंत एक आवाज, मध्ये खंड नाही. तो आवाज ऐकला की मला वाटतं, हां, आपणही कोणीतरी आहोत. आणि त्या कात्रीला मामंजी भूक लागली म्हणतात! एक दिवस जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं, "यापुढे एक जरी पडदा चुकला तर कात्री वन्संकडे. सूनबाई कड्या लावेल." वन्सं लगेच गोड आवाजात, "नको हो बाबा, वहिनींना वाईट वाटेल," आणि हे म्हणताना हाताची दोन बोटं अशी कात्रीसारखी चालवून बघतायत!

मग मात्र मी पदर खोचला. तक्रारी आलेल्या सगळ्या चिठ्ठ्या गोळा केल्या, एकीकडे मामंजींनी किती हात मोजले, दुसरीकडे पडदा किती लांब झाला. सहा हातांची खिडकी, पडदा बारा इंच लांब. नऊ हातांची, अठरा इंच लांब. बारा हातांचं दार, चोवीस इंच! माझं गणित बेताचंच, पण एवढं कळतं हो मला. प्रत्येक हातामागे दोन इंच. सगळीकडे, न चुकता, दोन इंच! म्हणजे कात्री खात नव्हती आणि ओकतही नव्हती. म्हणजे... हात? हात आखूड झाला? माणसाचा हात काय पाण्यात टाकलेलं सुती कापड आहे, आटायला?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा दिला मामंजींना, आणि तिथेच उभी राहिले. कधी बघितलंच नव्हतं मी नीट. कप धरला तो तळव्याने, कसाबसा. मधलं बोट आत वळलेलं, कप खाली ठेवला तरी वळलेलंच. मग शर्टाचं वरचं बटण लावायला गेले, तीनदा सुटलं, चौथ्यांदा नाद सोडला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "उकडतंय आज." उकडत नव्हतं हो. खरं सांगते, तेव्हा मला वाईट वाटलं. पण कात्रीचंही वाईट वाटत होतं ना! दोन्ही वाईट एकदम वाटलं की माणसाने करायचं काय?

मी ठरवलं, पुरावा हवा. दुपारी जेवून मामंजी काउंटरमागे खुर्चीतच डुलकी काढतात, उजवा हात काउंटरवर लांब करून. मी टेप घेतला, चपला काढल्या, मांजरासारखी गेले. पितळेची चिमटी कोपराशी, टेप हळूहळू पुढे, मनगट... तळवा... मामंजी घोरायचे थांबले! माझाही श्वास थांबला! मग परत घोरायला लागले, मग मीही श्वास घेतला, टेप बोटाच्या टोकाशी नेला, वाकून बघतेय तर काय... सोळा! आणि तेवढ्यात मागून आमचे हे, "अगं, अगं, बाबांचं माप कशाला घेतेस? जिवंत आहेत ते!"

मी त्यांना ओढतच आत नेलं. म्हटलं, "सोळा!" हे म्हणाले, "काय सोळा?" "बाबांचा हात सोळा!" तोंड असं पांढरं पडलं यांचं, जसं काही डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलंय! "हळू बोल. कोणाला सांगितलंस? थांब, आपण फोनला विचारू." फोनमध्ये म्हणे सगळ्या मापांची उलटापालट करून मिळते, वाराचे हात, हातांचे वार, पाहिजे ते. यांनी विचारलं. फोन म्हणाला, एक वार बरोबर दोन हात! म्हणजे फोनसुद्धा मामंजींच्याच बाजूचा! अहो, जगातली सगळी मापं आहेत त्याच्यात, पण आमच्या मामंजींचा हात कुठे आहे? शेवटी हिशेब मीच केला, खडूने, टेबलावर. नऊ हात गुणिले सोळा, एकशे चव्वेचाळीस इंच. भागिले छत्तीस. चार! नऊ हात म्हणजे चार वार! फोनला न आलेलं गणित, मला आलं! मी तिथल्या तिथे एक गिरकी घेतली. हे म्हणाले, "छान. आता पुसून टाक, आणि बाबांना सांगू नकोस."

आणि त्याच आठवड्यात, तुम्हाला सांगते, हॉलचं काम आलं. नाटकाच्या हॉलचा पडदा! गडद लाल मखमल! हॉलच्या बाई स्वतः आल्या, उंच, चष्मा दोरीला लटकलेला, म्हणाल्या, "शनिवारी पहिला प्रयोग आहे. चुकला तर मला वेळ नाही, तुम्हालाही नाही." मामंजी गेले, मोजून आले, चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली. उंची नऊ हात, म्हणजे साडेचार वार. पट्टे चोवीस. आणि कात्रीकडे बोट दाखवून म्हणाले, "हा शेवटचा, सूनबाई." बोट म्हणजे ते वळलेलंच बोट!

आता तुम्ही म्हणाल, आपणच जाऊन मोजून यायचं की! अहो, मामंजी मोजून आल्यावर त्यांच्यामागून मी मोजायला जायचं? त्याच घरात राहायचंय मला! आणि हॉलला कुलूप, किल्ली बाईंकडे. म्हणजे राहिलं काय? एका बाजूला चिठ्ठी, साडेचार. दुसऱ्या बाजूला माझं खडूचं गणित, चार. चिठ्ठीप्रमाणे कापलं आणि पडदा लोळला, तर कात्री गेली. गणिताप्रमाणे कापलं आणि पडदा लटकला, तर कात्री गेलीच, वर चोवीस पट्टे मखमल वाया. लांब पडदा उसवून कमी करता येतो. आखूड पडद्याला काय ओढून लांब करणार?

कात्री उचलली. वन्संनी खिडकीपाशी बसल्या बसल्या मान लांब केली. "वहिनी, चिठ्ठीत साडेचार आहे ना?" म्हटलं, "वन्सं, तुम्ही कड्या मोजा." आणि कापलं! चार वार, दुमडीचं वेगळं, पहिला पट्टा! मग दुसरा, तिसरा, चोवीसच्या चोवीस, एका आवाजात! यांनी न बोलता शिवले. न बोलता म्हणजे मशीनवर बसून सारखे माझ्याकडे बघत, जसं काही मी घर सोडून निघालेय.

शुक्रवारी सकाळी हे पडदा घेऊन हॉलवर गेले, आणि इकडे मामंजींची नजर गेली लाल ताग्यावर. तागा अजून लठ्ठ! त्यांनी तो काउंटरवर उलगडला आणि मोजायला लागले, एक हात, दोन हात... सत्तावीस! "साडेतेरा वार उरलं? साडेतेरा?" खरं तर बाराच वार उरलं होतं, पण तिथेही हातच लावला ना त्यांनी! "सूनबाई! चिठ्ठी वाचता येते का तुला? पडदा कापलायस की रुमाल?" आणि निघाले तरातरा! पायात चपला, एक स्वतःची, एक यांची! मागे मी, माझ्यामागे वन्सं, हातात कड्यांची पिशवी खुळखुळत. रस्त्यात जो भेटेल त्याला मामंजी सांगतायत. न्हाव्याला, "सुनेने पडदा गुडघ्यापर्यंत केला!" बेकरीवाल्या काकूंना, "नटांचे नुसते पाय दिसणार!" आणि काकू, कमी भरलेलं कापड अजून विसरल्या नव्हत्या त्या, त्याही दुकान सोडून आमच्यामागे!

हॉलमध्ये पोचलो तर पडदा वर गुंडाळलेला, शिडीवर हॉलचा सुतार, तोंडात चार खिळे, खाली हॉलच्या बाई, आणि कोपऱ्यात आमचे हे, घामाने चिंब. मामंजी दारातूनच ओरडले, "थांबा! सोडू नका! आखूड आहे!" बाईंनी चष्मा लावला. "सोडा," म्हणाल्या.

मी डोळे मिटले. वरून आवाज आला, मखमलीचा असतो तसा, जड, दमदार. आला, आला, आणि थांबला. मी एक डोळा उघडला. पडद्याची कड फरशीला लागलेली! लोळत नाही, लटकत नाही! या टोकापासून त्या टोकापर्यंत, चोवीसच्या चोवीस पट्टे, फरशीला नुसते टेकलेले! अहो, कागद सरकवायला जागा नव्हती! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. बाई म्हणाल्या, "वा!" बस, एकच, पण काय वा होता तो!

आणि मामंजी? मामंजींनी छाती पुढे काढली, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाले, "म्हटलं नव्हतं? नऊ हात, साडेचार वार! चाळीस वर्षांचा हात आहे! दोन हात म्हणजे एक वार!"

म्हणजे बघा, लटकला असता तर माझी कात्री, आणि टेकला तर मामंजींचा हात! मी तोंड उघडणार तेवढ्यात सुतार शिडीवरून उतरला. तोंडात खिळे असल्यामुळे तो ओठ न हलवता बोलतो. "साडेचार कुठले? स्टेज मी बांधलंय. उंची चार वार." मामंजी म्हणाले, "साडेचार." तो म्हणाला, "चार." "साडेचार!" "चार!" शेवटी सुताराने आपली एक वाराची पट्टी काढली आणि स्टेजच्या कडेवर ठेवली. मामंजींनी बाही वर केली. "बघा! बघा सगळे! हा माझा हात, हा अर्धा वार!" आणि धाडकन हात ठेवला पट्टीवर.

सगळे वाकले. बाई वाकल्या, सुतार वाकला, वन्सं वाकल्या, काकू तर जवळजवळ पट्टीवर झोपल्याच. हात संपला कुठे? सोळावर. मामंजींनी डाव्या हाताने मधलं बोट दाबलं. सरळ झालं, अठराला लागलं, हात काढला, परत वळलं. परत दाबलं. परत वळलं. मग ते नुसतेच त्या बोटाकडे बघत राहिले, जसं काही दुसऱ्या कोणाचं बोट चुकून आपल्या हाताला आलंय.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मामंजी, हात तुमचा अठराचाच आहे हो. बोट तेवढं सरळ होत नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "म्हणजे ते पडदे लांब व्हायचे, ते..." म्हटलं, "हो." "आणि या काकूंचं कापड कमी भरलं, ते..." म्हटलं, "तेही." "आणि दोन वर्षं मी तुला..." म्हटलं, "हो! मला! दोन वर्षं! माझ्या कात्रीला भूक!" मामंजींनी घसा खाकरला, आणि म्हणाले, "कात्रीचा दोष नव्हता, सूनबाई. चुकलं माझं."

काय सांगू तुम्हाला! मी म्हटलं, "ऐकू नाही आलं मामंजी." ऐकू आलं होतं हो, स्वच्छ! पण सुताराच्या तोंडात खिळे होते, त्याचं लक्ष होतं की नाही कोण जाणे. परत म्हणाले, मोठ्याने! बाईंनी ऐकलं, काकूंनी ऐकलं, वन्संनी तर हातातली पिशवीच सोडली, कड्या हॉलभर पळाल्या! मी एकही उचलली नाही. परत येताना रस्त्याने मी पुढे आणि सगळं घर माझ्यामागे! न्हाव्याला मीच थांबून सांगितलं, "नऊ हात म्हणजे चार वार! लिहून ठेवा!" त्याने खरंच लिहिलं, आरशावर, साबणाने!

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खिडकीचा टेकू काढला, खिडकी धाडकन पडली, ती लोखंडी पट्टी पुसून काउंटरवर ठेवली. मला वाटलं, चला, सुटलो, आता पट्टीने मोजणार! तर नाही. म्हणाले, "जुनी गिऱ्हाइकं हाताशिवाय कापड घेणार नाहीत. घरात खरा हात शोधायला हवा. एकेक जण या." हे गेले. वीस! वन्सं गेल्या. सतरा! मग मी गेले, सहज, गंमत म्हणून ठेवला हात... अठरा. बरोब्बर. ना सूतभर इकडे ना सूतभर तिकडे.

मामंजींचे डोळे भरून आले हो. माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो सोळाचाच, आणि म्हणाले, "आजपासून दुकानाचा हात सूनबाईचा!" केवढा मान! बेकरीवाल्या काकू आता म्हणतात, "मला सूनबाईंच्याच हाताने मोजून द्या." हॉलच्या बाईंनी दुसऱ्या हॉललाही माझंच नाव सांगितलं. सकाळपासून मी खिडक्या मोजत फिरते, दुपारपासून काउंटरवर तागे मोजते, रात्री कोपर शेकत बसते. आणि कात्री? अहो, दिवसभर मोजणाऱ्या माणसाने कापायचं कधी? कात्री वन्संकडे. आतल्या खोलीतून आवाज येतो, कापतायत, थांबतायत, परत कापतायत... मी कान बंद करून मोजत राहते.

काल एक पडदा आखूड झाला. कड अशी वाकडी, लहान मुलाने कापल्यासारखी! गिऱ्हाईक बाई दारात येऊन ओरडली, मामंजींनी पडदा हातात घेतला, ती वाकडी कड बघितली, वन्सं बघितल्या, कात्री बघितली. आणि मग चष्मा काढून मला म्हणाले, "सूनबाई, ये बरं इकडे. बोटं बघू तुझी."